स्वारगेटच्या चौकातलं नाव

मैत्रिणींनो, भोरहून पुण्याला जाणारी एस. टी. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या ओळखीची असेल. कापूरहोळ गेलं, खेड शिवापूर गेलं, कात्रजचा घाट उतरला की बायका पिशव्या आवरायला लागतात, मुलांना झोपेतून उठवतात आणि कंडक्टर ओरडतो, "चला, स्वारगेट!" तिथं उतरून आपण रिक्षा शोधतो, कुणी डॉक्टरकडे, कुणी लग्नाच्या खरेदीला, कुणी माहेरी निघून जातो. त्या चौकाचं नाव देशभक्त केशवराव जेधे चौक. तिथल्या उड्डाणपुलालाही त्यांचंच नाव आहे. मी स्वतः त्या पाटीखालून शंभरदा तरी गेले असेन. पण हे जेधे कोण, असा प्रश्न मला पडला तो चौकात उभी असताना नाही. तो पडला वर्गात, आणि तोही एका भांडणामुळे.

भांडण झालं त्याची गोष्ट

मी अर्धा दिवस शाळेत शिकवते. शिवजयंतीसाठी सातवीच्या मुलांचं छोटं नाटुकलं बसवत होते. विषय आपल्याच मातीतला, कारीच्या कान्होजी जेध्यांचा. कान्होजींचं काम मी एका मुलाला दिलं, कारण त्याचा आवाज खणखणीत आणि पाठांतर चोख. तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "बाई, कान्होजी आमच्यातले होते. यानं का करायचं?" त्यावर पहिल्यानं काय म्हणावं? "तुमच्यातल्या कुणाला चार ओळी धड पाठ होतात का?"

झालं! कंपासपेटी उडाली, एकाच्या सदऱ्याची गुंडी तुटली. मी दोघांनाही दाराशी उभं केलं, चार शब्द सुनावले आणि तास संपवला. पण घरी येऊन कणीक मळताना ती दोन्ही वाक्यं काही डोक्यातून जाईनात. बारा वर्षांची मुलं ही! असलं बोलणं ती पुस्तकातून शिकत नाहीत. आपण ओट्याशी उभ्या राहून, जेवायला वाढताना, सहज म्हणून जे बोलतो ते ती उचलतात.

आणि खरं सांगू? मलाही माझं माहेरचं घर आठवलं. भिंतीवर लोकमान्य टिळकांचा फोटो, गणपतीत त्याला हार. जेध्यांचं नाव निघालं की आजीच्या कपाळाला आठी पडायची. "त्यांनी टिळकांना नाही नाही ते म्हटलं," एवढंच ती सांगायची. मीही पुढं कधी विचारलं नाही. बी. ए. झाले, मुलांना शिकवू लागले, तरी ती आठी माझ्या मनात तशीच घडी घालून ठेवलेली. म्हणून या वेळी ठरवलं, आधी आपण वाचायचं आणि मग मुलांना सांगायचं. य. दि. फडके यांनी केशवरावांचं चरित्र लिहिलं आहे, ते मिळवलं. दुपारची झोप सोडून वाचलं. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

कारीचं घराणं

सुरुवात कारीपासूनच करायला हवी. रायरेश्वराच्या पायथ्याचं हे गाव, भोर तालुक्यातलं. इथले देशमुख कान्होजी जेधे आधी शहाजीराजांबरोबर होते, मग शिवाजीमहाराजांबरोबर आले. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशहाची फर्मानं आली, खानाला मिळा म्हणून. आपल्याच तालुक्यातल्या उत्रोळीचे खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र पाचही मुलांना घेऊन महाराजांकडे राजगडावर गेले. राजगड म्हणजे वेल्ह्यातला, ज्याच्यावरून आता त्या तालुक्याला राजगड हे नाव मिळालं आहे. महाराजांनी विचारलं, वतनाचं काय? कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं. बायकामुलांना सुरक्षित म्हणून तळेगावला हलवलं आणि बापलेक लढाईला उभे राहिले.

वतनावर पाणी सोडणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्या संसारी बायकांनाच बरोबर कळतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, शेत, मान. उद्या खान जिंकला असता तर यातलं काहीच उरलं नसतं. त्या घरातल्या बायकांनी त्या रात्री काय बांधून घेतलं असेल, काय मागं ठेवलं असेल, असं सारखं मनात येत राहतं.

याच जेधे घराण्याचा वारसा सांगणारे केशवराव मारुतराव जेधे १८९६ साली जन्मले. तोवर हे कुटुंब पुण्यात स्थिरावलं होतं. त्यांचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. शुक्रवार पेठेतलं त्यांचं घर 'जेधे मॅन्शन' म्हणून ओळखलं जायचं. थोरले बंधू बाबूराव सत्यशोधक विचारांचे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी त्यांचा संबंध होता. त्यामुळं महात्मा फुल्यांचं नाव आणि बहुजनांच्या शिक्षणाच्या गोष्टी केशवरावांच्या कानावर घरातच पडत होत्या.

तरुणपणाची धग

त्या वेळचं पुणं डोळ्यांसमोर आणा. शाळा, वर्तमानपत्रं, कचेऱ्या, पुढारीपण, सगळीकडे एकाच समाजाची माणसं पुढं. शेतकऱ्याचा मुलगा शिकायला आला तर त्याला पंगतीत वेगळं बसावं लागे. या सगळ्याचा राग तरुण केशवरावांच्या मनात होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. गणेशोत्सवात मेळे निघायचे, गाणी म्हटली जायची. जेधे आणि त्यांचे मित्र दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला. त्याच्या पदांनी पुण्यात खळबळ उडाली. मारामारीपर्यंत प्रकरणं जायची.

१९२५ साली केशवरावांनी पुणे नगरपालिकेत सूचना मांडली, की महात्मा फुल्यांचा पुतळा शहरात उभारावा. आज आपल्याला यात वावगं काय ते कळणारसुद्धा नाही. मुलींसाठी शाळा काढणारा माणूस, त्याच्याच गावात त्याचा पुतळा! पण तेव्हा केवढं वादळ उठलं. सूचना काही मंजूर झाली नाही.

त्याच वर्षी जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघालं. प्रकाशक केशवराव. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर त्यात अतिशय जहाल भाषेत टीका होती. माझ्या आजीच्या कपाळावरची आठी ती हीच. खटला झाला, शिक्षाही झाली. पुढं अपिलात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि १९२६ साली सगळे सुटले.

इथं मी पुस्तक मिटून बसले. एकीकडे वाटलं, इतकं कडू लिहायला नको होतं. दुसरीकडे वाटलं, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पंगतीबाहेर ठेवलं त्यानं गोड तरी किती बोलावं? आपल्या घरातसुद्धा सोसणारी सून एक दिवस बोलते तेव्हा ती मोजूनमापून बोलत नाही. तेव्हा सगळ्यांना तिचं बोलणं तेवढं लक्षात राहतं, आधीची सगळी वर्षं कुणाला आठवत नाहीत.

आणि यातली एक गंमत तर मला माहीतच नव्हती. शिवकालाच्या इतिहासाचं एक फार मोलाचं साधन म्हणजे 'जेधे शकावली'. कारीच्या जेधे देशमुखांकडं जपलेली ही तारीखवार टिपणं प्रसिद्ध कुणी केली? लोकमान्य टिळकांनी, १९१६ साली! महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हे याच शकावलीत मिळतं. आज आपण ज्या तारखेला शिवजयंतीची सुटी घेतो, ती जेध्यांच्या घरात जपली गेली आणि टिळकांच्या हातून जगापुढं आली. मी आईला फोन करून हे सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आजीला हे सांगायला हवं होतं गं."

'अमुक लोक नकोत' या अटीचं काय झालं?

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पिण्याच्या पाण्याचा साधा हक्क. त्या लढ्याला पाठिंबा द्यायला जेधे-जवळकर तयार झाले, पण त्यांनी एक अट घातली, की यात ब्राह्मण नकोत. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. आपलं भांडण जन्मानं ब्राह्मण असलेल्या माणसांशी नाही, उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे, आणि ती वृत्ती कुणातही असू शकते, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. तिच्या ठरावाला पुढं आलेले गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानं ब्राह्मणच होते.

मैत्रिणींनो, माझ्या वर्गातल्या भांडणाचं उत्तर मला इथं सापडलं. आणि ते केशवरावांनाही कुठंतरी लागलं असावं असं मला वाटतं, कारण पुढची काही वर्षं पाहिली तर माणूस बदलत गेलेला दिसतो.

१९३० साली देशात सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली. केशवराव काँग्रेसमध्ये आले, तुरुंगात गेले. त्यांना तिकडं ओढणारे होते काकासाहेब गाडगीळ, न. वि. गाडगीळ. तेही १८९६ सालचेच, म्हणजे दोघे एकाच वयाचे. एक बहुजन चळवळीचा धगधगता पुढारी, दुसरा पुण्याचा ब्राह्मण वकील. कालपर्यंत ज्यांच्या माणसांनी एकमेकांचे मेळे उधळले, ते दोघे खेड्यापाड्यांत एकाच व्यासपीठावर उभे राहू लागले. लोक त्यांची नावं जोडीनं घेऊ लागले. १९३४ च्या निवडणुकीत दोघेही मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले आणि दिल्लीला एकाच बाकावरचे झाले.

याचा परिणाम काय झाला? तोवर महाराष्ट्रातली काँग्रेस ही शहरातल्या वकील-डॉक्टरांची समजली जायची. जेधे आले आणि त्यांच्यामागून मावळातला, देशावरचा शेतकरी आला. १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन खानदेशातल्या फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपदही पुढं केशवरावांकडे आलं. ज्यांना पंगतीबाहेर ठेवलं होतं, ते आता वाढायला उभे राहिले.

पक्ष बदलले म्हणजे काय?

स्वातंत्र्य आलं तेव्हा केशवराव घटना समितीचे सभासद होते. आपल्या सगळ्या बायकांना मताचा हक्क देणारी जी घटना, ती बनवणाऱ्या सभेत हा मावळचा वंशज बसला होता. आता आरामात मंत्रिपद घ्यावं आणि स्वस्थ बसावं, असं कुणालाही वाटलं असतं. पण शेतकऱ्यासाठी काँग्रेस काही करत नाही, असं त्यांना वाटू लागलं. शंकरराव मोरे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आधी काँग्रेसमध्येच शेतकरी कामगार संघ काढला आणि १९४८ साली बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. तोच 'शेकाप'. काही वर्षांनी, पक्षातल्या वाटा वेगळ्या होत गेल्यावर, ते पुन्हा काँग्रेसमध्ये आले.

"म्हणजे तेही दलबदलूच की!" आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. मलाही क्षणभर तसं वाटलं. हल्ली तर सकाळी एका पक्षात चहा घेतलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या पक्षात जेवायला जातो. पण मग मी माझ्यापुरती एक पारख ठरवली, डाळ पारखतो तशी. माणूस हलला तेव्हा त्याला काय मिळालं आणि त्यानं काय सोडलं, हे पाहायचं. केशवराव काँग्रेसमध्ये गेले तेव्हा तिथं तुरुंग होता. काँग्रेस सोडली तेव्हा तिथं सत्ता होती. परत आले ते मात्र सत्तेच्या पक्षात, हेही खरं, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावणारे होतेच. पण हिशेब मांडला तर देणं जास्त भरतं, असं मला तरी दिसतं. तुम्ही वाचून तुमचं मत बनवा.

महाराष्ट्र दिसला नाही

शेवटचं मोठं काम संयुक्त महाराष्ट्राचं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकत्र आली आणि संयुक्त महाराष्ट्र समिती जन्मली. त्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. विचार करा, एका खोलीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकापवाले, पूर्वीचे एकमेकांचे वैरी, आणि मध्ये बसायला सगळ्यांना चालेल असा हा माणूस. तीस वर्षांपूर्वी ज्याच्या मेळ्याच्या नावानं पुण्यातल्या घरांची दारं बंद व्हायची, तोच.

१९५७ साली ते बारामती मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. आज आपला भोर विधानसभा मतदारसंघ, वेल्ह्यासकट, बारामती लोकसभेतच येतो. आपल्या भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जातं आणि तिथला ऊस पिकवतं, हे आपल्याकडच्या बायका जरा हेव्यानंच बोलतात. पण ही नाती अशी जुनी आहेत.

१२ नोव्हेंबर १९५९ रोजी केशवराव गेले. वय अवघं त्रेसष्ट. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. साडेपाच महिने! ज्या घरासाठी माणसानं विटा वाहिल्या, त्याची वास्तुशांत त्याला बघायला मिळाली नाही. बारामतीची जागा पुढं गुलाबराव जेधे यांनी लढवली आणि जिंकली.

आणखी एक योगायोग. अफझलखानाचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. कान्होजी राजगडावर गेले त्या वर्षाला बरोबर तीनशे वर्षं झाली, त्याच महिन्यात केशवरावांनी डोळे मिटले.

मग नाटकाचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांना ही सगळी गोष्ट सांगितली. 'देशाचे दुश्मन' लपवलं नाही, पंगतीतला भेदभावही लपवला नाही. मुलांना अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेले बेळगावचे श्री ठाणेदार मोबाइलमुळे ठाऊक होते, पण दिल्लीत बसलेले आपले जेधे एकालाही ठाऊक नव्हते. गाडगीळ-जेध्यांच्या जोडीपाशी आले तेव्हा वर्ग चिडीचूप होता. मागच्या बाकावरच्या त्या मुलानं विचारलं, "बाई, आधी भांडले आणि मग एकत्र कसे बसले? लाज नाही वाटली?" मी म्हटलं, "वाटली असेल. पण कामं होती ना पुढ्यात."

शेवटी मुलांनीच तोड काढली. खणखणीत आवाजाचा मुलगा कान्होजी झाला आणि दुसरा त्यांचा लेक बाजी जेधे. बापलेक म्हणून दोघांना एकत्र पाणी सोडायचं होतं, त्यामुळं तालीमही एकत्रच करावी लागली. भांडण कायमचं मिटलं असं काही मी म्हणणार नाही. परवाच दोघांनी पुन्हा एकमेकांची पाण्याची बाटली लपवली. पण ते भांडण बाटलीचंच होतं, 'आमच्यातले-तुमच्यातले' असं त्यात नव्हतं. मला तेवढं पुरे.

पुढच्या वेळी स्वारगेटला उतराल तेव्हा मुलांना ती पाटी दाखवा. आणि तुमच्या घरातही अशी एखादी जुनी आठी घडी घालून ठेवलेली असेल, तर ती एकदा उलगडून उन्हात घाला. कसर लागण्याआधी.

सुटीत मुलांना न्यायचं असेल तर

भोरहून आंबवडे जवळ आहे. तिथं कान्होजी जेधे आणि जिवा महाले यांच्या समाध्या आहेत, नागेश्वराचं देऊळ आहे आणि संस्थानच्या काळातला झुलता पूलही. तिथून पुढं कारी आणि रायरेश्वर. पावसाळ्यानंतर थंडी संपेपर्यंतचे दिवस चांगले. भाताची कापणी चालू असते, मुलांना तीही दिसते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि भरपूर पाणी बरोबर घ्या. रायरेश्वर चढायचा असेल तर सकाळी लवकर निघा, चपला नकोत, बूट घाला. खाल्लेल्याचे कागद परत पिशवीत. आणि निघण्यापूर्वी रात्री झोपताना गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे समाधीपाशी मुलं नुसती फोटो काढत बसणार नाहीत.